बायकोच्या जिभेचं ऑपरेशन झालं. आता नुसतं रेडिएशन की केमोपण? आणि रिपोर्टमधली एक ओळ मी तिला सांगितलेली नाही

द्राक्षवाला_तासगाव

नमस्कार मंडळी. आजवर इथं द्राक्षावरच्या डाऊनी-भुरी रोगांच्या प्रश्नांना उत्तरं देत आलो. आज माझाच प्रश्न आहे आणि तो बागेचा नाही.

आमची मंडळी, वय ४७. गावच्या अंगणवाडीत एकवीस वर्षं सेविका. पोरं 'बाई' म्हणतात, म्हणून मीपण इथं बाईच लिहितो. श्रावणाच्या आधी जिभेच्या डाव्या कडेला फोड आला. आतला एक दात टोकदार होता, तो लागतो म्हणून फोड, असं म्हणून दाताच्या डॉक्टरांनी दात घासून दिला. मग एका दवाखान्यात दोन महिने बी कॉम्प्लेक्स आणि लावायचं जेल. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत कागदावरून नजर न उचलता सांगितलं, "मिश्री बंद करा." बाईंनी जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलेलं नाही. उलट अंगणवाडीत येणाऱ्या आयांच्या मिश्रीच्या डब्या हिनं काढून घेतल्यात. तेव्हापासून प्रत्येक दारात पहिला प्रश्न तोच. ती नाही म्हणते आणि समोरचा "असं सगळेच म्हणतात" असं तोंड करतो. आता तर ती नाही म्हणायचीपण थांबली आहे, नुसता हात हलवते.

सप्टेंबरात तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. ऑक्टोबर छाटणी चालू असताना ऑपरेशन. साडेनऊ तास. जिभेचा डावा भाग काढला, डाव्या मनगटाची कातडी शिरेसकट घेऊन तिथं जोडली, मांडीची कातडी मनगटावर लावली. आधी आठवडाभर सिस्टरनी त्या हातावर पेनानं लिहून ठेवलं होतं, इथं सुई टोचू नये. ऑपरेशननंतर दर तासाला एक जण टॉर्च मारून जिभेचा रंग बघायची. रात्री अडीचलासुद्धा. मी बाकड्यावरून तिचा चेहरा बघायचो, सिस्टरचा. तिनं मान डोलावली की परत आडवा.

मानेत हाताला गाठ लागत नव्हती, स्कॅनमध्येपण नक्की काही नव्हतं, तरी मान उघडून गाठी काढल्या. तेव्हा मला राग आला होता. दिवाळी वॉर्डातच गेली. श्वासासाठी पाडलेलं गळ्याचं भोक आठव्या दिवशी बुजवलं. नाकातली नळी अजून आहे, पण आता घोटभर ताक, नाचणीची आंबील तोंडानं जाते. बोलणं मला सत्तर टक्के कळतं, बाकीच्यांना निम्मं. घरात पाटी आहे, अंगणवाडीतलीच. डाव्या हातात बांगड्या घालता येत नाहीत, त्यावरून आमच्या आईनं पहिल्याच दिवशी डोळ्यांना पदर लावला. बाईंनी उजव्या हातातल्या वाजवून दाखवल्या.

आता मुद्दा. आज ऑपरेशनला १९ दिवस झाले. रिपोर्टमध्ये आहे ते लिहितो: जिभेची गाठ २.४ सेंमी, खोली ८ मिमी, मार्जिन (गाठीभोवती कापलेली कड) ६ मिमी मोकळं, नसेभोवती पसरण आहे. मानेतल्या ३८ गाठींपैकी एकीत कॅन्सर, ती १.३ सेंमीची. आणि खाली एक ओळ: 'गाठीच्या आवरणाबाहेर पसरण, सूक्ष्म, संशयास्पद'.

रेडिएशन घ्यायचंच, यावर दुमत नाही. एक डॉक्टर म्हणतात, त्या ओळीमुळं सोबत सिसप्लाटिन, म्हणजे केमोचं औषध, द्यावं लागेल. दुसरे म्हणतात, संशयास्पद म्हणजे नक्की नव्हे, नुसतं रेडिएशन चालेल, औषधाचे त्रास कशाला. दोघंही चांगले, दोघंही घाई करा म्हणतात. सिसप्लाटिननं किडनीला त्रास होतो आणि कान जातात, बारीक आवाज आधी जातात, हे दोघांनीही सांगितलं.

आता तुम्हीच बघा. हिचं काम म्हणजे चाळीस पोरांत बसायचं, गाणी म्हणायची, कोण बोबडं बोलतंय, कुणाला ऐकू येत नाही ते हेरायचं. जिभेचा भाग गेला, आता कानपण?

मी बागेत कधी थांबत नाही. छाटणीनंतर विसाव्या-पंचविसाव्या दिवशी ढग आले की डाऊनी दिसायची वाट बघत नाही, आधी फवारतो. दिसल्यावर फवारून घड वाचत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळं माझं मन म्हणतं, द्या औषध. पण बाग बोलत नाही, बायको बोलते. बोलायची.

तिला मी "गाठी निघाल्या, सगळं स्वच्छ आहे, नुसतं रेडिएशन" एवढंच सांगितलंय. दोन मतं आहेत, केमोचं घाटतंय, हे तिला ठाऊक नाही. त्या पानाची मूळ प्रत ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये आहे. धाकट्या भावाला आणि पुण्यातल्या मुलीला माहीत आहे. ज्यांनी हे बघितलंय त्यांनी सांगा: ठरवायचं कसं आणि हिला सांगायचं कसं?

---

शेवंती७१

दादा, आधी टूलबॉक्समधला कागद घरात आणा. डिझेल लागलं तर त्या पानाचा काही उपयोग नाही.

आमच्या ह्यांचा गालाचा होता, २०१९. ह्यांची तंबाखू होती, खोटं का सांगू. आमच्यातही असाच एक शब्द अडला होता. आम्ही काय केलं ते सांगते. लॅबमधून ब्लॉक आणि स्लाइड मागून घेतल्या. रिपोर्टचा कागद पुरत नाही. ब्लॉक म्हणजे मेणाच्या वड्या असतात, त्यात काढलेला तुकडा बसवलेला असतो. ती तुमचीच वस्तू आहे, लेखी अर्ज द्या, मिळते. परळला टाटामध्ये त्या जमा केल्या, तिथल्या लॅबनं परत वाचल्या. तोंडाचे पेशंट रोज बघणारी माणसं, त्यांची नजर वेगळी असते. आमचा शब्द रिव्ह्यूमध्ये बदलला. कुठल्या बाजूला बदलला ते सांगत नाही, उगाच तुमच्या मनात काहीतरी बसेल.

वड्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण आहे. आमच्या शेजारच्या पेशंटच्या पोरानं ठेवल्या होत्या, नागपूरहून येताना. बाकी काही लिहित नाही.

मिरजेहून महालक्ष्मीनं रात्री बसा, सकाळी दादर. टाटाच काय, कुठल्याही कॅन्सरच्या दवाखान्याकडून रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून घ्या. उपचाराला जाताना पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्याला पाऊण भाडं माफ. राहायची वेळ आली तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर समिती आहे. दोन्हीकडं जागेसाठी पेशंटचे कागद लागतात, टाटातला नंबर निघाला की तिथल्याच समाजसेवा विभागात विचारा.

आणि दोन कामं आजच करा. रेडिएशनच्या आधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवा, किडके दात आधीच काढायचे असतात. रेडिएशननंतर काढले तर जबड्याचं हाड भरून न यायचा धोका असतो. दुसरं, आईस्क्रीमच्या काड्या. एकावर एक ठेवून दातांच्या मध्ये सरकवायच्या, रोज बघायचं किती बसतात. नाहीतर तोंड बंद होत जातं. आमच्या ह्यांनी कंटाळा केला. आज त्यांच्या तोंडात पोळीची घडी जात नाही, चतकोराच्या पट्ट्या करून भरवावी लागते.

---

नाना_पुसेसावळी

माझ्या साडूच्या मेहुण्याला डॉक्टरांनी हात वर केले होते. एका वैद्यांचा काढा आणि गव्हाचा रस चालू केला, आज शेतात नांगर धरतो. केमो म्हणजे विष आहे, डॉक्टरांचा धंदा आहे. पत्ता पाहिजे असेल तर व्यक्तिगत निरोप करा.

---

द्राक्षवाला_तासगाव

नाना, काळजीनं लिहिलंत, राग नाही. पण पत्ता नको. आमच्याकडं दर हंगामाला एक जण येतो, एका बाटलीत डाऊनी, भुरी, मिलीबग सगळं जातं म्हणून. मी त्याला एकच विचारतो, ज्या बागेत गेलं नाही ती बाग दाखव. त्यावर तो चहा न पिता जातो.

शेवंतीताई, कागद घरात आणला. गादीखाली आहे. अजून तिच्या हातात नाही.

---

लिनॅकवाला

दादा, मी डॉक्टर नाही. रेडिएशनच्या मशीनवर पेशंट लावायचं काम चौदा वर्षं करतोय. त्यामुळं काय घ्या, काय नको हे मी सांगणार नाही. तुमचे दोन डॉक्टर नक्की कशावर भांडतायत एवढं सांगतो, म्हणजे तिसऱ्याकडं गेल्यावर नेमकं विचारता येईल.

ऑपरेशननंतर नुसतं रेडिएशन की सोबत सिसप्लाटिन, यावर युरोप आणि अमेरिकेत एक-एक मोठी चाचणी झाली. दोन्हींचे निकाल २००४ मध्ये छापून आले. पुढच्या वर्षी दोन्हींचे आकडे एकत्र करून बघितले, तेव्हा असं दिसलं की औषध जोडल्याचा ठळक फायदा दोन प्रकारच्या पेशंटांना होतो: मार्जिनवर कॅन्सर राहिलेला असेल तर, आणि मानेतल्या गाठीचं आवरण फोडून तो बाहेर आला असेल तर. तुमचं मार्जिन मोकळं आहे. म्हणजे सगळा निर्णय त्या आवरणावर लटकलाय. त्यात आता आणखी एक फाटा आहे. आवरणाबाहेर २ मिमीपर्यंत गेलं तर 'मायनर', त्याच्या पुढं 'मेजर' असं लिहायची पद्धत आहे. मायनरमध्ये औषधाचा किती उपयोग यावर डॉक्टरांचंच एकमत नाही. बरेच जण तरीही देतात, कारण त्या चाचण्यांत असे भाग पाडलेले नव्हते. म्हणजे दुसरे डॉक्टर औषध चुकवतायत असं समजू नका आणि पहिले उगाच घाबरवतायत असंही नाही. म्हणून शेवंतीताई म्हणतात ते ब्लॉकचं पहिलं करा. 'संशयास्पद' हा शब्द घेऊन कुठल्याच डॉक्टरला नीट ठरवता येत नाही. आहे का नाही, आणि असेल तर किती मिलिमीटर, हे लिहून पाहिजे.

आता औषध द्यायचं ठरलं तर कसं. जुनी पद्धत तीन आठवड्यांनी एकदा, अंगाच्या चौरस मीटरला १०० मिग्रॅ. हा डोस जड असतो. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी दर आठवड्याला ३० द्यायचे. टाटानं ३०० पेशंटांवर तुलना करून २०१८ मध्ये निकाल छापला: दोन वर्षांनी तोंड-मानेतला आजार ताब्यात असलेले मोठ्या डोसमध्ये ७३ टक्के, आठवड्याच्या ३० मध्ये ५८.५. पण त्रासही मोठ्या डोसमध्ये जास्त, त्यात कानाचाही. मग जपानमध्ये ऑपरेशन झालेल्या पेशंटांवर आठवड्याला ४० देऊन बघितलं, निकाल २०२२ मध्ये आला. ४० चा डोस १०० च्या मागं पडला नाही आणि त्रास कमी. त्यामुळं कुणी 'आठवड्याची केमो' म्हटलं की आकडा विचारा. तीस आणि चाळीस यांत फरक आहे.

कानाबद्दल. सुरू करायच्या आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, कागदावर आलेख मिळतो. मध्ये-मध्ये परत करायची. आधीचा आलेख नसेल तर किती गेलं हे कळणार कसं? वहिनींचे कान आधीपासून कमजोर निघाले तर सिसप्लाटिनऐवजी दुसरं बघतात. डोसेटॅक्सेल रेडिएशनसोबत देऊन टाटानंच चाचणी केली आहे, पण ती ज्यांना सिसप्लाटिन चालतच नाही अशांसाठी. कान चांगले असताना नुसत्या भीतीनं औषध बदलून घेण्यासाठी तो मार्ग नव्हे, हे माझं मत नाही, आमच्या डॉक्टरांचं आहे.

तुम्हाला राग आला होता ना, मान का उघडली म्हणून? त्याचंही उत्तर टाटाचंच आहे, २०१५. तोंडाचा कॅन्सर लवकरचा, मानेत गाठ लागत नाही, अशा पेशंटांत मान आधीच उघडली तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, गाठ दिसल्यावर उघडली तर ६७.५. तुमच्या बाबतीत ३८ मध्ये एक सापडलीच की. तुमच्या भाषेत, डाऊनी दिसायच्या आधीची फवारणी तीच होती.

घाई खरी आहे. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हावं असं धरतात. मास्क, स्कॅन, प्लॅन यांत आठ-दहा दिवस सहज जातात. ब्लॉकचं काम चालू असताना हे समांतर चालू ठेवा.

---

उशिरा_सुचलेलं

मी तिसऱ्या प्रकारचा माणूस आहे, ज्यानं लपवलं होतं. बायकोचा स्तनाचा. मी आणि माझा मेहुणा, दोघांनी मिळून सगळं ठरवलं, तिला "डॉक्टर म्हणतात तसं" एवढंच. तिला कळलं ते झेरॉक्सच्या दुकानात. मी गाडी लावत होतो, ती फाईल घेऊन पुढं गेली, पोरानं पानं चाळता-चाळता मोठ्यानं वाचलं.

आज सहा वर्षं झाली, बरी आहे. पण अजूनही मी "डॉक्टर काय म्हणाले" ते सांगायला लागलो की ती म्हणते, फोन स्पीकरवर टाक.

---

द्राक्षवाला_तासगाव

काल सांगितलं.

रात्री नळीतून दूध घालून झालं, नळी धुतली, टोपण लावलं आणि गादीखालचा कागद तिच्या मांडीवर ठेवला. म्हणलं, ही ओळ वाच. तिनं चष्मा मागितला. दोनदा वाचलं. मी जे काय बोलायचं ठरवून ठेवलं होतं ते सगळं सांगितलं: दोन डॉक्टर, औषध, कान, फवारणी. फवारणीचं जरा लांबलंच. तिनं पाटी घेतली आणि लिहिलं, 'भावजींना माहीत?'

मी मान हलवली. 'पियूला?' परत हलवली.

पाटी पुसली. उठून स्वयंपाकघरात गेली आणि मिक्सर लावला. रात्री साडेदहाला. त्यात काय होतं मला माहीत नाही, पाच मिनिटं चालू होता. मी सोप्यात बसून राहिलो. आई आतून विचारायला लागली, एवढ्या रात्री काय वाटताय.

सकाळी चहाच्या वेळेला पाटी माझ्या समोर. त्यावर: 'मी बाग नव्हे. बागेला कान नसतात.' आणि खाली बारीक अक्षरात, 'ब्लॉक कधी आणायचे?' म्हणजे इथलं सगळं तिनं वाचलंय. रात्री माझा मोबाईल तिच्याकडं होता, पोषण ट्रॅकरचं काम राहिलंय म्हणून मागून घेतला होता. नाना, तुमचंपण वाचलं. त्यावर काही लिहिलं नाही, नुसतं नाक उडवलं.

लॅबला अर्ज दिला. ब्लॉक परवा मिळतायत.

---

शेवंती७१

बाई, वाचत असाल तर तुम्हाला नमस्कार. ह्यांना जेवायला देऊ नका दोन दिवस.

रेडिएशनला योजनेची मंजुरी वेगळी घ्यावी लागते, ऑपरेशनची झाली म्हणजे झालं असं नसतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र दवाखान्यात बसतात, त्यांना रेशनकार्ड घेऊन आत्ताच भेटा. खांद्याचा व्यायाम चालू केला का? मानेच्या ऑपरेशननंतर हात वर जात नाही. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, पेन्सिलनं खूण करायची. आमच्या भिंतीवर अजून खुणा आहेत, रंग देताना तेवढी भिंत सोडली.

---

द्राक्षवाला_तासगाव

उशीर झाला कळवायला. चार दिवसांत मुंबईला दोन फेऱ्या झाल्या. ब्लॉक स्टीलच्या डब्यात, कापूस लावून, माझ्या मांडीवर. दादरला उतरताना गर्दीत एकानं विचारलं, "काका, डब्यात काय, पेढे?"

रिव्ह्यू आला. संशयास्पद शब्द गेला. आहे, १ मिमी. मायनर. म्हणजे नक्की झालं आणि तरी नक्की झालं नाही. लिनॅकवाले, तुम्ही म्हणालात तोच फाटा आमच्या वाट्याला आला.

मग इकडं मिरजेत दोन्ही डॉक्टर, सर्जन आणि रेडिएशनवाले, एकत्र बसतात त्या दिवशी आम्हाला बोलावलं. मी बोलायला तोंड उघडलं, बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोबाईल डॉक्टरांच्या पुढं धरला. त्यात तिनं लिहून आणलं होतं. पहिला प्रश्न असा, जसाच्या तसा: 'लहान मूल श ला स म्हणतं, र ला ल म्हणतं. ते मला लगेच कळतं. औषधानंतर कळेल का?'

डॉक्टर जरा थांबले. म्हणाले, उंच स्वर आधी जातात आणि स, श तिथंच असतात. जातीलच असं नाही, पण गेले तर परत येत नाहीत. मशीन लावून थोडं भागतं. आजार मानेत परत आला तर मात्र दुसरं ऑपरेशन याच्यापेक्षा कितीतरी मोठं असेल. टक्केवारी सांगितली नाही. मी विचारली होती. "एक मिलिमीटरसाठी वेगळी टक्केवारी माझ्याकडं नाही," एवढं सरळ सांगितलं. मला त्यांचं ते पटलं. जे दुसरं मत देणारे होते त्यांनीही रिव्ह्यू बघून सांगितलं, वय ४७, किडनी चांगली, आता मीपण देण्याच्या बाजूनं आहे, पण छोट्या डोसनं.

बाईंचा दुसरा प्रश्न: 'मध्येच थांबवता येतं का? थांबवायचं कुणी ठरवायचं?'

शेवटी ठरलं ते असं. आठवड्याला ४० च्या हिशेबानं, सहा वेळा. रेडिएशन तीस दिवस, सोमवार ते शुक्रवार. ऑडिओमेट्री आधी झाली, कान चांगले निघाले. दर दोन डोसनंतर परत करायची, आलेख खाली आला की बसून बोलायचं आणि पुढचा डोस द्यायचा की नाही हे तिला विचारून. थांबवलं तरी रेडिएशन पूर्ण करायचंच. हे सगळं डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून दिलं. संमतीच्या कागदावर सही करायला सिस्टरनी सवयीनं पेन माझ्याकडं केलं, मीपण सवयीनं घेतलं. बाईंनी माझ्या हातातून काढून घेतलं.

खरं सांगू? मला अजून ठरलं असं वाटत नाही. रात्री जाग आली की मी १ मिमी म्हणजे केवढं ते अंगठ्याच्या नखावर बघतो. बागेत यंदा दोन फवारण्या चुकल्या, भावानं सांभाळलं, तरी खालच्या पट्ट्यात डाऊनी आलीच. भाऊ म्हणाला, तू असतास तरी आली असती, तीन दिवस पाऊस होता. तो खरं बोलतोय की माझं मन राखतोय ते कळत नाही.

काल मास्क केला. गरम पाण्यातनं काढलेली जाळी चेहऱ्यावर दाबून धरतात, थंड होईपर्यंत हलायचं नाही. बाहेर आली तेव्हा गालावर जाळीची नक्षी उमटली होती आणि कपाळावरची टिकली गायब. मशीनवरच्या पोरानं ती काढून स्टीलच्या ट्रेच्या कडेला चिकटवून ठेवली होती, जाताना परत दिली. लिनॅकवाले, तुम्हीच तर नव्हता ना?

सोमवारपासून सुरू. रोज तासगाव-मिरज येणं-जाणं, भावाची गाडी आहे. दातांचं झालं, एक दाढ काढली. योजनेची मंजुरी आली.

एक राहिलं. शेवंतीताई, आईस्क्रीमच्या काड्यांसाठी मी मिरज-सांगलीत चार दुकानं फिरलो, कुणी दहा रुपयांची आईस्क्रीमं घ्या म्हणालं, कुणी ऑनलाइन बघा म्हणालं. शेवटी बाईंनी अंगणवाडीच्या मदतनीसला फोन लावला. बोललेलं तिला कळेना, म्हणून पोरांच्या हस्तकलेच्या पेटीचा फोटो पाठवला. त्यात अख्खं पाकीट होतं, रंगीत. परवा नऊ बसल्या. आज अकरा. लाल काडी ती घेत नाही, रंग जिभेला लागतो म्हणते.

---

लिनॅकवाला

मी नव्हतो दादा, मी सोलापूरला असतो. पण टिकल्या आम्ही सगळेच ट्रेला लावतो.

रंगीत काड्या उकळत्या पाण्यातनं काढा म्हणावं, रंग निघतो का बघा.